कैसर येणार म्हणून झाडून ठेवलेलं घर

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

प्रश्न : बाई, नमस्कार. आमची मुलगी आणि जावई जर्मनीत एर्लांगनला असतात. दसरा झाला की आम्ही दोघं दीड महिन्यासाठी तिकडे जाणार आहोत. तिथून जवळच्या न्यूरेंबर्गचा किल्ला बघायचं माझ्या फार मनात आहे, पण ह्यांच्या उजव्या गुडघ्याचं काही खरं नाही. त्यात मुलगी म्हणते, "आई, आत नुसत्या रिकाम्या खोल्या आहेत, उगाच पैसे घालवू नकोस." तुमचा मुलगाही तिकडेच असतो असं तुम्ही मागे लिहिलं होतं, म्हणून विचारते. जावं का? आणि गेलो तर काय बघावं?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, जा. मी तीनदा गेले आहे. त्यातली पहिली खेप फुकट गेली, ती माझ्याच आगाऊपणामुळे. नोव्हेंबर महिना होता. मुलगा म्हणाला होता, "आई, वेळ बघून निघ." मी म्हटलं, किल्ल्याला कसली वेळ? साताऱ्यात चौतीस वर्षं भूगोल शिकवला आणि दर रविवारी अजिंक्यतारा चढले. तिथे कोण बघतं घड्याळ? रमतगमत चार वाजता वर पोचले, तर दार बंद. तिकडे ऑक्टोबर ते मार्च दहा ते चार आणि उन्हाळ्यात नऊ ते सहा असा हिशोब असतो. तुम्ही दसऱ्यानंतर जाताय म्हणजे हिवाळ्याचीच वेळ लागू होणार. सकाळी निघा.

आधी गुडघ्याचं बघू. स्टेशनपासून चालत गेलं तर वीस-पंचवीस मिनिटं लागतात. लोरेन्झ चर्चवरून खाली पेग्निट्झ नदीच्या पुलावर यायचं, तिथून हाउप्टमार्क्ट, म्हणजे मुख्य बाजारचौक, आणि मग चढ सुरू. चढ काही मोठा नाही, साताऱ्यातल्या आमच्या 'चार भिंती' नावाच्या टेकडीपुढे तो लाजेल. खरा त्रास गोट्यांचा आहे. सगळा रस्ता दगडी गोट्यांचा, पाऊस पडून गेला की गुळगुळीत. माझा पाय दोनदा सटकला, तोही सपाटीवर. यजमानांना रबरी तळव्याचे बूट घालायला सांगा आणि काठीला लाजू नका म्हणावं. चालणं कमी करायचं असेल तर प्लेरर चौकातून ४ नंबरची ट्राम धरा आणि टिअरगेर्टनरटोर ह्या जुन्या वेशीपाशी उतरा. चढ तिथूनही आहेच, पण आधीचं शहर तुडवायचं वाचतं. त्या वेशीसमोरच चित्रकार ड्यूररचं घर आहे. १५०९ पासून मरेपर्यंत, म्हणजे १५२८ पर्यंत, तो तिथे राहिला. परतताना डोकवा.

आता रिकाम्या खोल्या. मुलगी खोटं बोलत नाहीये. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. म्हणजे पहिल्यांदा आत गेले तेव्हा, दुसऱ्या खेपेला. सिंहासन नाही, पलंग नाही, झुंबरं नाहीत. पण त्या खोल्या कुणी लुटून रिकाम्या केलेल्या नाहीत. त्या मुळातच रिकाम्या असायच्या, आणि हे कळलं की किल्ला उलगडायला लागतो.

कैसर म्हणजे सम्राट. पण पवित्र रोमन साम्राज्याच्या ह्या सम्राटाला ठरलेली राजधानी नव्हती. लवाजमा घेऊन तो गावोगाव फिरायचा. जिथे मुक्काम तिथे दरबार, तिथेच न्यायनिवाडा. न्यूरेंबर्गचं नाव कागदोपत्री पहिल्यांदा येतं ते १०५० मध्ये. तेव्हापासून पुढे पाचशे वर्षांहून अधिक काळ, १५७१ पर्यंत, प्रत्येक राजा-सम्राट कधी ना कधी इथे राहून गेला. १३५६ च्या 'सुवर्णमुद्रे'च्या फर्मानाने तर ठरूनच गेलं, की नवा राजा निवडला गेला की त्याची पहिली सभा न्यूरेंबर्गलाच भरायची. तो निघून गेला की किल्ल्यात राखणदार आणि शुकशुकाट. पुन्हा यायचा झाला की गावातल्या श्रीमंत घरांतून सामान मागून आणायचं. आपल्याकडे लग्नघरी शेजारून सतरंज्या आणि पातेली यायची ना, तसंच. सम्राट म्हटला तरी पाहुणाच की.

आत एका दालनाचं लाकडी छत आहे, त्यावर दुतोंडी गरुड रंगवलाय. मान वर करून बघितल्यावर माझ्या तोंडून पटकन निघालं, "अगोबाई, गंडभेरुंड!" शेजारचे आजोबा दचकले. पाचवा चार्ल्स १५१९ मध्ये सम्राट निवडला गेला, त्या सुमारास त्याच्या मानासाठी हे छत रंगवलं. रिवाजाप्रमाणे पहिली सभा इथे व्हायची होती, पण शहरात साथ आली आणि १५२१ ची ती सभा वॉर्म्सला गेली. हा पठ्ठ्या न्यूरेंबर्गला पहिल्यांदा उगवला तो १५४१ मध्ये! वीस वर्षं तो गरुड छतावरून दाराकडे बघत बसला असणार. त्या खोलीत दुसरं काहीही नसलं तरी मी तिथे दहा मिनिटं उभी होते.

मग चॅपल बघा. एकावर एक अशी दोन चॅपलं आहेत, साधारण १२०० च्या आसपासची. खालचं ठेंगण्या, जाड खांबांचं, अंधारं. वरचं सडपातळ संगमरवरी खांबांचं, उजेडाचं. दोन्हींच्या मधल्या जमिनीला चौकोनी झरोका ठेवलाय. वरच्या मजल्यावर दरबारी, खाली बाकीची मंडळी आणि सम्राट सगळ्यांच्या वर सज्ज्यात. प्रार्थना एकच, झरोक्यातून सगळ्यांना ऐकू येणार, पण कोण कुठे उभं राहणार हे दगडातच ठरवून टाकलेलं. वरच्या चार खांबांपैकी एक जोडलेला आहे, सांध्यावर कडं आहे. त्याची गोष्ट सांगतात, ती अशी. सैतानाने पुजाऱ्याशी पैज लावली, तुझी प्रार्थना संपायच्या आत रोमहून चार खांब आणून देतो. पुजाऱ्याने प्रार्थना भराभरा उरकली आणि सैतानाने रागाने चौथा खांब आपटला. पूजा भराभर उरकणारे गुरुजी सगळीकडेच असतात म्हणायचे.

आणि आता विहीर. ताई, बाकी सगळं राहिलं तरी चालेल, ही चुकवू नका.

अंगणात एक साधी छपरी खोली आहे, बाहेरून बघून कुणी थांबणारही नाही. ठरावीक वेळाने माहिती सांगणारा माणूस येतो, दहा-पंधरा जणांना आत घेतो आणि दार लोटतो. मधोमध विहिरीचा दगडी काठ. बाई होती आमच्या वेळेला, जर्मनमध्येच बोलत होती, मला चार शब्द कळले असतील नसतील. मग तिने बोटाने 'चूप' अशी खूण केली, पाण्याचा जग उचलला आणि पाणी खाली ओतलं. आवाज नाही. एक… दोन… तीन… सगळे श्वास रोखून. मग कुठूनतरी खालून, जणू शेजारच्या घरातून यावा तसा, 'सळ्ळ' असा आवाज. मी चारपर्यंत मोजलं होतं. विहीर जवळजवळ पन्नास मीटर खोल आहे, गणिताने तीन सेकंदांच्या थोडं वर यायला पाहिजे. मी घाईने मोजलं असेल, पण तिथे उभं राहिल्यावर घाई होतेच. नंतर तिने थाळीत मेणबत्त्या लावून ती थाळी रहाटाने खाली सोडली. आधी दगडावरच्या छिन्नीच्या खुणा दिसत होत्या, मग नुसता गोल उजेड, मग टिकलीएवढा, मग मोहरीएवढा. एक छोटी मुलगी आईला बिलगली. खरं सांगायचं तर मीही काठाचा दगड घट्ट धरला होता.

आमच्या साताऱ्याजवळ लिंबला बारामोटेची विहीर आहे. शाहू महाराजांच्या काळातली, आत राजवाड्यासारखं दालन, बारा मोटा चालायच्या. ती एकशे दहा फूट खोल म्हणून आम्ही मुलांना सहलीला नेऊन मिरवायचो. ही दीडशे फुटांच्या वर. पण आपल्या गडांवर एवढी खोल विहीर क्वचितच का दिसते आणि तळी, टाकी जागोजागी का, हे मला चौतीस वर्षं फळ्यावर शिकवूनही तिथे पहिल्यांदा नीट उमगलं. आपला दगड बेसाल्ट. टाकं कोरलं की पावसाचं पाणी राहतं, झिरपून जात नाही. त्यांचा डोंगर वालुकाश्माचा, तो पाणी पिऊन टाकतो. वर साठवून भागत नाही, मग पाण्यामागे खाली जायचं, ते जिथे थांबेल तिथपर्यंत. वेढा पडला तर किल्ल्याला ही एकच विहीर.

सिनवेल नावाचा गोल बुरूजही तिकिटातच आहे. 'सिनवेल' हा जुन्या जर्मनमधला शब्द, अर्थ 'अगदी गोल'. जिना आहे, यजमानांना खाली बाकावर बसवा आणि तुम्ही एकट्या जा. वरून लाल कौलांचं शहर दिसतं. सगळं जुनं वाटतं, पण २ जानेवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात ह्या जुन्या शहराचा सुमारे नव्वद टक्के भाग गेला होता. किल्ल्यावर हा बुरूज आणि ते दुहेरी चॅपल तेवढं धड राहिलं. दिसतं ते बरंचसं नंतर पुन्हा उभं केलेलं आहे.

एक राहिलं. बाजारचौकात फ्राउएनकिर्शे नावाचं चर्च आहे, त्याच्या घड्याळात रोज दुपारी बरोबर बारा वाजता राजा निवडणारे सात छोटे सरदार सम्राटाभोवती तीन फेऱ्या घालतात. तेच ते १३५६ चं फर्मान, बाहुल्यांच्या रूपात. ते बघून वर जा म्हणजे ओळख आधीच झालेली असेल.

प्रश्न : बाई, मी अकरावीत आहे. तुमचा विद्यार्थी नाही, पण आमच्या घरी तुमचं सदर वाचतात. न्यूरेंबर्गच्या किल्ल्याच्या भिंतीवर घोड्याच्या टापा उमटल्या आहेत असं मामाने सांगितलं. खरं का?
– एक विद्यार्थी, ठाणे

उत्तर : टापा आहेत, दाखवतात. पंचकोनी बुरुजाजवळ तटाच्या कठड्यावर दगडात दोन खोलगट खुणा आहेत. मी त्यात बोटंही घालून पाहिली.

गोष्ट अशी की एपेलाइन फॉन गाइलिंगन नावाचा एक सरदार चौदाव्या शतकात होऊन गेला. सरदार कसला, वाटमाऱ्याच. न्यूरेंबर्गच्या व्यापाऱ्यांच्या गाड्या लुटायचा. शेवटी सापडला आणि फाशीची शिक्षा झाली. शेवटची इच्छा विचारली तर म्हणाला, एकदा माझ्या घोड्यावर बसू द्या. वेशी बंद होत्या, जाणार कुठे, म्हणून बसू दिलं. त्याने अंगणात दोन फेऱ्या मारल्या, टाच मारली आणि कठड्यावरून खंदकापलीकडे उडी. तेव्हापासून तिकडे म्हण आहे : न्यूरेंबर्गवाले कुणाला फाशी देत नाहीत, आधी तो हातात असावा लागतो.

आता तू खरं का विचारलंस म्हणून. माणूस खरा आहे. तो पुढे १३८१ मध्ये नोयमार्क्टला पकडून मारला गेला, म्हणजे उडी मारली असली तरी फार दिवस पुरली नाही. टापांचं म्हणशील तर मला त्या छिन्नीच्या वाटल्या. खंदकाच्या रुंदीकडे बघ आणि भौतिकशास्त्राच्या सरांना घोड्याचा वेग काढायला सांग, ते तुझ्याकडे कसे बघतात ते मला कळव. पण मला मौज वेगळीच वाटते. आपल्याकडे हिरकणी कडा उतरून जाते आणि महाराज तिथे बुरूज बांधून तिचं नाव देतात. इथे दरोडेखोर निसटला, आणि शहराने आपली फजितीच जपून ठेवून पर्यटकांना दाखवायला घेतली. असे लोक मला आवडतात.

प्रश्न : तुमचं जर्मनीचं कौतुक पुरे झालं. फोटो पाहिले. ह्या टेकाडाला किल्ला म्हणायचं? रायगडाच्या पायऱ्या चढणाऱ्यांनी तिथे जाऊन काय शिकायचं?
– एक वाचक, वाई

उत्तर : अहो, टेकाडच आहे. शहरापासून पन्नासएक मीटर वर. मेणवलीच्या घाटावर बसणाऱ्याला ते किरकोळ वाटणारच, आणि रायगडाशी तुलना मीही करणार नाही. पण तुम्ही चुकीच्या बाजूला बघताय. आपला गड शत्रू दरीतून वर येऊ नये म्हणून. इथे भांडण भिंतीच्या आतलं होतं.

त्या एका टेकडीवर दोन किल्ले होते, खेटून. एक सम्राटाचा. दुसरा बुर्गग्राफचा, म्हणजे सम्राटाने नेमलेल्या किल्लेदाराचा. हे किल्लेदार होहेनत्सोलर्न घराण्याचे. नाव लक्षात ठेवा, ह्याच घराण्याची एक शाखा पुढे प्रशियाच्या गादीवर बसली आणि १८७१ मध्ये जर्मनीची सम्राट झाली. आणि पायथ्याशी व्यापाऱ्यांचं शहर, दिवसेंदिवस श्रीमंत होत चाललेलं, कुणाचं ऐकायची इच्छा नसलेलं. किल्लेदार आणि शहर ह्यांचं एका घरातल्या दोन जावांसारखं. १३७७ मध्ये शहराने काय करावं? किल्लेदाराच्या वाड्याला लागूनच एक उंच बुरूज उठवला. नाव दिलं लुगिन्सलांट, 'मुलुखावर नजर'. मुलुखावर कसली, शेजाऱ्याच्या अंगणावर! किल्लेदाराच्या वाड्यात काय चाललंय ते दिसावं म्हणून तो बांधला, हे त्या काळच्या लिहिणाऱ्यांनीच नोंदवून ठेवलंय.

पुढे १४२० मध्ये बव्हेरियाच्या एका ड्यूकच्या माणसांनी किल्लेदाराचा वाडा जाळला. आगीचं शहराला फार वाईट वाटलं असेल असं मला वाटत नाही. १४२२ मध्ये सम्राटाच्या किल्ल्याची देखभालही शहराकडे आली आणि १४२७ मध्ये किल्लेदाराने उरलेलं जळकं शहरालाच विकून टाकलं. लढाई न करता, पैसे मोजून किल्ला घेतला. पुढे १४९४-९५ मध्ये शहराने त्या नजर ठेवणाऱ्या बुरुजाला जोडून भलंमोठं धान्याचं कोठार बांधलं, खाली घोड्यांच्या पागा. आज तिथे युवा वसतिगृह आहे. दप्तरं पाठीला लावलेली पोरं त्या दारातून आतबाहेर करत असतात.

टेकाडाच्या पोटात काय आहे तेही सांगते. मऊ दगड म्हणून खालून पोखरलेलं आहे. १३८० चा शहराचा हुकूम आहे, की ज्याला बिअर करून विकायची त्याने आपलं तळघर खोदलं पाहिजे, अमुक फूट खोल, तमुक फूट रुंद. तसे बोगदे मजल्याखाली मजले खाली गेले. दुसऱ्या महायुद्धात किल्ल्याखालच्या अशाच एका तळघरात शहराने कलावस्तू लपवल्या. साम्राज्याचा मुकुट आणि राजचिन्हंही तिथे होती. ती १४२४ पासून १७९६ पर्यंत न्यूरेंबर्गच्या ताब्यात होती, मग व्हिएन्नाला गेली. नाझींनी १९३८ मध्ये ती परत आणली आणि १९४६ मध्ये ती पुन्हा व्हिएन्नाला रवाना झाली. मुकुटालाही इथे मुक्कामच.

शिकायचं काय ते तुमचं तुम्ही ठरवा. मी तरी परत आल्यावर अजिंक्यताऱ्यावर गेले तेव्हा पहिल्यांदा खाली शहराकडे तोंड करून बसले. तोवर कायम यवतेश्वराच्या डोंगराकडे बघत बसायचे.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी. किल्ल्याच्या आसपास खायचं काय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : न्यूरेंबर्गची ख्याती बोटाएवढ्या डुकराच्या सॉसेजची. पावात तीन-तीन घालून जागोजागी विकतात, धूर नाकात जाणारच. बटाट्याचं सॅलड दिसलं की 'हे आपलं' म्हणून घेऊ नका, त्या भागात ते बऱ्याचदा मांसाच्या रश्श्यात कालवतात. विचारून घ्या. लेबकुखन नावाची मसाल्याची गोड बिस्किटं मिळतात, दालचिनी-लवंगेच्या वासाने घरची आठवण येते, पण त्यात बहुतेक वेळा अंडं असतं. लोणी लावलेला ब्रेत्झेल, चीज, फळं आणि कॉफी यावर दिवस निघतो.

मी डबा नेते. किल्ल्याला लागून तटावर बाग आहे, थंडीत बंद असते, पण अंगणातल्या बाकांना कुणी हरकत घेत नाही. गेल्या खेपेला मेथीचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. विहीर दाखवणारी ती बाई तेव्हा बाहेर जेवणाच्या सुट्टीत उभी होती, तिला एक धपाटा दिला. चटणीने डोळ्यांत पाणी आलं तिच्या, पण दुसरा तिने मागून घेतला.